आधी बसवायचं, मग उभं करायचं

अण्णांना बुधवारी घरी सोडतायत म्हणालीस. कॉट कुठल्या खोलीत लावायची, गादी कसली घ्यायची यावर तुमच्याकडे खल चालू असेलच, तो चालू दे. पण तुझे सासरे तीन आठवडे आडवे आहेत, आणि अशा माणसाला खरी भीती असते ती उठण्याची. माझा उभा जन्म वॉर्डात गेला. मोठमोठी ऑपरेशनं निभावलेली, न्यूमोनियातून वाचलेली माणसं घरी गेल्यावर बाथरूमच्या दारात कोसळून, खुब्याचं हाड मोडून परत आलेली पाहिलीत मी. म्हणून सांगते ते नीट ऐक. रात्री अण्णांपाशी जो झोपणार असेल त्यालाही ऐकव.

आधी आत काय होतं ते समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. मेंदू वजनाला जेमतेम सव्वा-दीड किलो, अंगाच्या वजनाच्या दोन टक्के. पण हृदय मिनिटाला जे पाचेक लिटर रक्त ढकलतं त्यातलं पाऊण लिटरच्या आसपास याला एकट्याला लागतं, आणि प्राणवायूचा पाचवा हिस्सा हाच खातो. बरं, साठवून ठेवायची सोय काहीच नाही. रक्त पूर्ण थांबलं तर सहा-सात सेकंदांत शुद्ध जाते. माणूस आडवा असतो तेव्हा हृदय आणि डोकं जवळजवळ एका पातळीवर, त्यामुळे पुरवठा सोपा. तो उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली उतरून पोटात आणि पायांत जमतं, आणि डोकं हृदयापेक्षा फूटभर उंच जातं. नुसत्या त्या उंचीमुळे मेंदूपाशी दाब वीस-बावीस अंकांनी कमी भरतो. मानेतल्या मोठ्या धमनीत दाब ओळखणारी जागा आहे, ती तत्काळ खबर देते. नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मेंदू स्वतःच्या वाहिन्या सैल करून घेतो, आणि अर्ध्या मिनिटात सगळं सुरळीत. तुझ्या-माझ्या बाबतीत हे रोज होतं, पत्ताही लागत नाही.

वय झालं की ही धावपळ मंदावते. मधुमेह जुना असेल किंवा पार्किन्सन असेल तर खबर नेणाऱ्या नसाच कामातून गेलेल्या असतात. आणि त्यावर आडवं राहण्याची भर पडते. आडव्या माणसाच्या पायातलं रक्त छातीकडे येतं, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, मग मूत्रपिंडं ते लघवीवाटे काढून टाकतात. पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी दहा टक्क्यांहून जास्त घटतं. पडून असताना त्याचं काही जाणवत नाही. उभं केल्यावर कळतं की वर चढवायला रक्तच अपुरं आहे.

आता उठवायचं कसं ते सांगते. सकाळी जाग आली की झोपल्या झोपल्या दोन्ही पावलं अंगाकडे ओढायची आणि पुन्हा लांब करायची, असं वीस-पंचवीस वेळा. पोटरीचा स्नायू आवळला की पायातलं रक्त वर ढकललं जातं, डॉक्टर लोक पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही. मग मागे उशा देऊन पाठ सरळ होईल इतकं वर घ्यायचं आणि दोन पेले साधं पाणी प्यायला द्यायचं. पाण्याने पुढचा अर्धा-पाऊण तास उभ्याने दाब टिकायला मदत होते. गोळ्या-बिळ्यांच्या आधी हा उपाय करून बघावा इतका तो गुणाचा आहे. मात्र अण्णांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐकायचं, माझं नाही.

पाणी पिऊन दहा-पंधरा मिनिटं झाली की कुशीवर वळवायचं, पाय कॉटबाहेर सोडायचे आणि कोपराने रेटा देत त्यांनाच उठून बसू द्यायचं. दोन्ही हात धरून सरळ वर ओढू नकोस. घरोघरी हेच करतात, त्याने खांदा दुखावतो आणि डोकं एका झटक्यात वर जातं. कडेला बसल्यावर पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट दे. आणि तिथे दोन-तीन मिनिटं थांब. ही दोन-तीन मिनिटं फार कामाची असतात, नेमकी तीच घाईत चुकवली जातात. तेवढ्या वेळात त्यांच्याशी बोलत राहा. चहात साखर किती, पेपर आला का, काहीही. उत्तर रेंगाळत यायला लागलं, जांभया सुरू झाल्या, ओठ पांढरे पडले, कपाळाला हात लावल्यावर ओलं-गार लागलं, की समज मेंदूला रक्त पोचत नाहीये. लगेच आडवं कर. अर्ध्या तासाने पुन्हा बघ. कधी कधी चक्कर येतच नाही, नुसते मान आणि खांदे भरून येतात आणि आडवं झाल्यावर थांबतात. लोक त्याला वात म्हणून तेल चोळत बसतात. तिथल्या स्नायूंनाही उभ्याने रक्त कमी पडतं, म्हणून ते दुखतं.

सगळं ठीक वाटलं तर उभं करायचं. तू त्यांच्या दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे. मागे हातांची खुर्ची टेकून ठेवलेली. उभं राहिल्यावर लगेच चालायला लावू नकोस. आधी जागच्या जागी टाचा उचलायला सांग, मुठी आवळायला सांग. अंधारी यायला लागली तर मांड्या आणि कुल्ले घट्ट आवळायचे, त्यानेही दाब थोडा वर येतो. तरीही नाही भागलं तर खुर्ची आहेच मागे. पहिल्या दिवशी एवढंच झालं तरी पुष्कळ झालं.

रक्तदाब मोजायचं मशीन घरात आहे ना? मग बसवून एकदा मोजलं आणि झालं, असं करू नका. पाच मिनिटं आडवं ठेवून मोज, उभं केल्यावर एका मिनिटाने मोज, तीन मिनिटांनी पुन्हा मोज. वरचा आकडा वीसने किंवा खालचा दहाने उतरला तर तो उभ्याने पडणारा दाब. आडव्याने एकशे चाळीस आणि उभ्याने एकशे दहा असलेल्या पेशंटचं बीपी चांगलं आहे म्हणून घरचे खूश असतात, आणि पेशंट बिचारा भिंत धरून चालत असतो. आठवडाभराचे आकडे वेळेसकट वहीत लिही आणि डॉक्टरांपुढे ती वही ठेव. बीपीच्या गोळ्या, लघवीची गोळी, आणि पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात त्यातल्या काही गोळ्या, या तिन्हींनी उभ्याचा दाब पडू शकतो. पण आपल्या मनाने एकही बंद करायची नाही. पुष्कळदा नुसती वेळ बदलून काम भागतं, ते डॉक्टर ठरवतील. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र उभ्याने कधीच द्यायची नाही. आधी बसवायचं, मग गोळी.

रात्रीचं वेगळं सांगते, कारण रात्री लघवीला उठून पुष्कळ माणसं पडतात. अंगात ऊब, वाहिन्या सैलावलेल्या, झोपेतून धडपडत उठलेला माणूस उभ्याने लघवी करतो. मूत्राशय रिकामं होता होता दाब आणखी उतरतो आणि तो तिथेच गळून पडतो. जवान गडीसुद्धा असे पडतात. म्हणून कॉटशेजारी युरिन पॉट ठेव, आणि बाथरूममध्ये जायचंच असेल तर पुरुषानेही बसूनच करायची. अण्णांना लाज वाटेल, वाटू दे. बाथरूमला कडी आतून लावू द्यायची नाही. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर वर कमोडची खुर्ची आणा, कारण उकिडव्याने बसून कुंथून उठणं म्हणजे दाब पाडायचे सगळे प्रकार एका जागी. अंघोळीचं पाणी कडकडीत नको. स्टुलावर बसून अंघोळ, आणि झाल्यावर अंग पुसेपर्यंत तिथेच बसून राहायचं.

जेवणाचंही तसंच. पोटभर भात-गोडाधोडाचं जेवण झालं की रक्त आतड्यांकडे वळतं आणि म्हाताऱ्या माणसाचा दाब पुढचे दोन तास उतरलेला राहू शकतो. थोडं थोडं, चार-पाच वेळा जेवण दे. वामकुक्षी खुशाल घेऊ दे, पण वामकुक्षीतून उठतानाही सकाळसारखंच टप्प्याटप्प्याने. आणि एकादशी वगैरे आता पुरे. उपाशी पोटी, पाणी कमी, वर बीपीची गोळी, असे पेशंट आषाढीला ठरलेले असायचे आमच्याकडे.

झोपताना उशी वाढवू नकोस. दोन-तीन उशा दिल्या की मान तेवढी वाकते आणि छाती होती तिथेच राहते. डोक्याकडची बाजू उंच करायची तर कॉटच्या उशाकडच्या दोन पायांखाली चार ते सहा इंचांचे लाकडी ठोकळे दे, म्हणजे अख्खं अंग तिरकं होतं. ज्यांचा दाब उभ्याने पडतो आणि आडव्याने चढतो त्यांना याचा फायदा होतो. रात्री लघवी कमी होते आणि सकाळी रक्तातलं पाणी टिकून राहतं. डॉक्टरांना विचारून कर. दाब फारच पडत असेल तर ते पोटाला पट्टा सांगतील. आपल्याकडे बाळंतिणीचं पोट बांधतात तसाच, उठायच्या आधी घट्ट बांधायचा आणि आडवं होताना सोडायचा. पोटात साठणारं रक्त त्याने अडतं. नुसत्या गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांचा एवढा उपयोग होत नाही.

आता तुझ्या नणंदेचा मुद्दा. डॉक्टर काही म्हणोत, बाबांना महिनाभर पूर्ण आराम हवा, असं ती म्हणते ना? माया आहे तिची, पण हा आराम त्यांना महागात पडेल. १९६६ साली अमेरिकेत डल्लासला वीस वर्षांची पाच तरणीताठी मुलं तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवली होती, मुद्दाम, काय होतं ते बघायला. शरीराची जास्तीत जास्त प्राणवायू वापरायची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, आता ते पन्नाशीचे. तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयाने त्या ताकदीचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं तीन आठवड्यांच्या खाटेने केलं होतं. जर्मनीत कोलोनला तर माणसांना साठ-साठ दिवस झोपवलंय, खाट डोक्याकडून सहा अंशांनी खाली कललेली. अंतराळवीरांच्या शरीराचं काय होतं ते जमिनीवर कळावं म्हणून. धडधाकट माणसंसुद्धा त्यातून उठताना चक्कर येऊन पडतात. आणि इंग्लंडातल्या रिचर्ड ॲशर नावाच्या डॉक्टरने १९४७ सालीच अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. म्हणजे हे काही कालचं शहाणपण नाही.

मग आराम कधीच नको का? तसं नाही. झोपणं हे औषधासारखं आहे, किती आणि कधीपर्यंत ते ठरवून द्यायचं असतं. याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तू उत्साहाच्या भरात अण्णांना पळवायला लागशील. पक्षाघाताच्या पेशंटना पहिल्या चोवीस तासांतच उठवून जोरात चालवलं तर लवकर सुधारतील, असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. त्याचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, दोन हजारांवर पेशंटचा. निघालं उलटंच. फार लवकर आणि फार वेळ उठवलेल्यांची तीन महिन्यांनंतरची अवस्था बाकीच्यांपेक्षा जरा वाईट होती. थोडं थोडं, पण अनेकदा उठवणं बरं, असं त्यातून पुढे आलं.

आणि डोकं सपाट ठेवायचं की उंच, यावर तर वॉर्डात भांडणं व्हायची. सपाट ठेवलं तर मेंदूला रक्त जास्त जातं, म्हणून उशी काढा, असं एक डॉक्टर सांगून जायचे. छातीत कफ भरेल, उंच ठेवा, असं दुसरे. त्याचाही निकाल २०१७ मध्ये लागला. नऊ देशांतले अकरा हजारांवर पक्षाघाताचे पेशंट त्यात होते, आपल्या देशातलेही होते. निम्म्या हॉस्पिटलांनी आधी चोवीस तास सपाट झोपवलं, निम्म्यांनी आधी डोकं तीस अंशांनी उंच ठेवलं, आणि मग अदलाबदल केली. तीन महिन्यांनी दोन्हीकडचं अपंगत्व सारखंच. तेव्हा घरी आल्यावर उशीवरून वाद घालू नका. मोठ्या वाहिनीत ताजी गुठळी अडकलेली असते तेव्हाची गोष्ट निराळी, पण ती घरातली नाहीच, हॉस्पिटलची आहे. घरात एकच नियम पाळ. खाताना-पिताना पाठ सरळ, हनुवटी जरा खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवायचं. आडव्याने चमच्याने पेज भरवली की ती श्वासनळीत जाऊ शकते.

पडून राहिलेल्या माणसाचे पाय रोज बघ. दोन्ही पायांवर थोडी सूज असणं वेगळं. एकच पाय सुजला, पोटरी गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तेल लावून चोळू नकोस. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळून ती सुटली तर थेट फुप्फुसात जाते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. बाळंतिणीला सव्वा महिना बाजेवरून उतरू न देण्याची जुनी रीत मला यासाठीच कधी पटली नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं ठेवा, पण तिला चालू द्या. बाळंतपणानंतर गुठळी व्हायची भीती आधीच वाढलेली असते.

चक्कर येते म्हणाले की आधी विचार, घर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते? अंथरुणात नुसती कूस बदलली आणि घर गरगरा फिरलं, अर्ध्या-एक मिनिटात थांबलं, तर त्याचा रक्ताशी संबंध नाही. आतल्या कानातले बारीक कण जागेवरून सरकलेले असतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोकं ठरावीक रीतीने वळवून ते बहुतेक वेळा बसवून देतात. यासाठी महिनोन्‌महिने चकरेच्या गोळ्या खाणारी माणसं मी पाहिली आहेत.

कुणी घेरी येऊन पडलंच तर त्याला बसवायचा, उचलायचा प्रयत्न करायचा नाही. पंधरा ऑगस्टला मैदानात उन्हात ताटकळून पोरं पडतात, आणि चार जण धावत जाऊन त्यांना काखेत हात घालून उभं करतात. अगं, शरीराने स्वतःला आडवं करून मेंदूला रक्त मिळवलं, आणि आपण ते काढून घेतो! सपाट झोपव, पाय फूटभर उंच कर, कपडे सैल कर, गर्दी हटव. तोंडात पाणी ओतायचं नाही. कांदा नको, चप्पल तर नकोच नको. दिवस भरत आलेली बाई असेल तर उताणी न ठेवता डाव्या कुशीवर वळव, कारण गर्भाच्या भाराने पोटातली मोठी नीला दबते. साधी घेरी असेल तर मिनिटाभरात डोळे उघडतात. नाही उघडले, किंवा छातीत दुखत होतं, किंवा डोक्याला मार लागलाय, तर वाट बघायची नाही.

तुझे दीर अण्णांना शीर्षासन शिकवणार म्हणत होते, त्यांना माझा नमस्कार सांग. उलटं झाल्याने मेंदूला भरपूर रक्त मिळतं ही समजूत फार पसरलेली आहे. मेंदू मात्र आपल्याला हवं तेवढंच रक्त घेतो, डोक्याकडे दाब वाढला की आपल्या वाहिन्या आवळून घेतो. डोळ्यांतला दाब मात्र शीर्षासनात दुपटीपर्यंत जातो, काचबिंदू असलेल्या माणसाला ते घातक. ज्यांची जन्मभराची सवय आहे त्यांनी करावं. अण्णांनी या वयात पावलं हलवावीत.

शेवटचं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांग. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, एकाएकी दिसेनासं झालं किंवा तोल गेला, तर ‘जरा पडा, झोपून उठल्यावर बरं वाटेल’ असं कुणीही म्हणायचं नाही. तेव्हाची झोप सगळ्यांत महाग. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तो वेळ शेवटचं धड दिसले तेव्हापासून मोजतात. म्हणून घड्याळ बघून वेळ लिही. तोंडाने पाणी नाही, गोळी नाही, ॲस्पिरिनसुद्धा नाही, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव झालाय हे स्कॅनशिवाय कुणालाच कळत नाही. अण्णांना एका कुशीवर ठेव, १०८ ला फोन लाव, आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन चालू असतो अशाच हॉस्पिटलात ने. ते कुठलं, हे बुधवारच्या आत विचारून ठेव.